पडद्यामागची सुमी

ये, आशी जवळ सरक, उंबऱ्यात काय बसतीस पाव्हनीवानी, आन किती वाळलीस गं, जेवतीस का न्हाई, आदी चहा घे मग लिही काय लिहायचं ते.

माजं म्हायेर हितल्याच अकोले तालुक्यातलं, दिलं बी हितंच भंडारदऱ्याच्या अंगाला, म्हंजी डोंगर काय सुटला न्हाई. काय सांगू तुला, धरनावर तवा शिनेमावाले यायचे आन गावातली मानसं गर्दीत उभी करायचे. एकदा माज्या लेकीला, सुमीला बी उभी केली, दुधाचे दात पडत हुते तिचे तवा. त्याच पावसात तापानं गेली. फोटू एक न्हाई, आमचे कोन काढतो फोटू.

मग जत्रंला त्योच शिनेमा तंबूत आला. पडदा मधी, बापे फुडं आन आमी बाया पडद्याच्या मागं, तशी रीतच हुती, कापड पातळ, मागून बी समदं दिसायचं. तर डाव्या अंगाला माजी सुमी आली, माज्याकडं बघून हासली, दाताची खिंड दिसली, आन गेली. तेवढंच. पन तेवढ्यावर मी उभा जल्म काढला, भात लावताना, भाकरी थापताना, डोळं मिटलं की हासायची.

औंदा सुनंनं त्यो शिनेमा मोबाईलवर हुडकला. म्हनली आत्या, बघा आता हवं तितक्यांदा. मी डावीकडं डोळं लावून बसले तर तिथं शेळी. पुन्हा लाव म्हनलं, पुन्हा शेळी. सून म्हनली दुसरा शिनेमा आसंल. मी जेवले न्हाई त्या दिवशी. मग माजी जाऊ आली, म्हनली येडी का खुळी तू, आपुन मागं बसायचो न्हवं, मागनं समदं उलटं दिसायचं, उजवीकडं बघ. बघितलं, आन हुती की गं, मीच शिवलेला परकर घालून उभी.

पन हासत न्हवती. उन्हानं डोळं बारीक केलेले, तोंड मिटलेलं, आन बघत हुती भलतीकडंच. सून म्हनली आत्या, तुमी तर म्हनत हुता हासती. जाऊ म्हनली हासली आसंल, त्यांनी कापलं आसंल. माजं मन राखायला म्हनली ती. आता डोळं मिटलं की ही उन्हातली येती, ती हासरी येतच न्हाई, लई हाका मारती मी.

सून मोबाईल घिऊन म्हायेरी गेलीया, आईतवारी येनार. तवा तू पुन्हा ये गं, लांबवू नको. माज्या डोळ्यांत मोतीबिंदू, तुजी नजर चांगली हाय. बसून एकदा नीट बघ, आन हासती का सांग मला. उगं जराशी हासती म्हनलीस तरी चालंल.