पहिली श्रोती

कान तपासायच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सिनेमातला एक विनोदी नट बसला होता. आपले सिनेमे तो स्वतःच लिहितो. बायकोला ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलत होता.

“अगं, कधीपासून ऐकू येत नाही?”

“वर्ष झालं असेल.”

“गेल्या महिन्यात तुला नवा सिनेमा वाचून दाखवला. पोट धरून हसलीस की.”

“तुम्ही पुटपुटत वाचता. मी तुमच्या तोंडाकडे बघून हसले.”

“आजवर तू हसलीस तेवढंच ठेवलं, बाकीचं खोडलं. आणि आता सोमवारी शूटिंग.”

“मग कानाला मशीन बसलं की पुन्हा वाचा.”

“आणि हसली नाहीस तर?”

“तर मशीन काढून ठेवीन.”