सरकारी टीव्हीवर दिसलेलं पोट

...आणि वर आई मलाच विचारते, "टीव्ही कशाला खोटं बोलेल?" आता हिला काय सांगायचं, तुम्हीच बोला. मागच्या महिन्यात एका सकाळी वीज आली म्हणून अख्खी गल्ली ओरडली, मी लेकीला कडेवर घेऊन शेजारच्या मारी-लूर्दबाईंच्या टीव्हीपुढे जाऊन बसले, बाहेर पहाटेपासून गोळ्यांचे आवाज, बाजारात जायची कुणाची छाती नाही, आणि सरकारी टीव्हीवरची ती इस्त्रीच्या कोटातली बाई गोड हसून सांगते, "राजधानीत आज बाजार नेहमीसारखा गजबजला आहे, सगळं शांत आहे." आणि बाजारात कोण? मी. केळी चाचपत उभी. पोट हे एवढं पुढं... अहो, त्या पोटातली पोरगी इकडे मांडीवर बसून माझं बोट चावतेय!

मारी-लूर्दबाई म्हणाल्या, "खोटं नाही गं. शिळं आहे."

सगळं शांत. पण तिकडे माहेरी, जाकमेलला, आईनंही तेच पाहिलं ना. लगेच फोन. "मिर्लांद, तुला पुन्हा दिवस गेले नि ते आईला टीव्हीवरून कळावं?"

"आई, ते चित्र जुनं आहे. इथं आत्ता गोळ्या चालल्यात."

"गोळ्या मला दिसल्या नाहीत. तू दिसलीस."

बोला आता. आमच्यात बाळंतिणीला आईनंच पाला उकळून न्हाऊ घालायचं असतं, दुसरीचा हात लागला तर आईची मान खाली जाते. म्हणून ही पाल्याचं गाठोडं बांधून निघाली. त्या रस्त्यानं, जिथं बंदूकवाले बस अडवतात, जिथं माझ्या नवऱ्याच्या, ओडनेच्या, मावसभावाला खाली उतरवलं तो अजून... तो रस्ता टीव्हीनं कधी दाखवलाच नाही. म्हणजे तिथंही सगळं शांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "बसलेय बसमध्ये. खिडकी मिळाली." मी रडले, लेकीची शपथ घातली... छे. "मला दगदग नको म्हणून बोलतेस," म्हणते. मागे बसवाला हाका मारतोय, बस भरत आलीय. शेवटी मी डोळे पुसले नि आवाज गोड केला, त्या कोटातल्या बाईसारखा. "आई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या अजून खूप अवकाश आहे. तोवर पाला सुकेल."

"पण पोट तर केवढं दिसलं."

"टीव्हीवर सगळं मोठंच दिसतं, आई."

तिनं बसवाल्याला "थांब रे" म्हणून हाक मारली नि मला म्हणाली, "मग आधी सांगायचं ना. उतरते."

आता दर रविवारी प्रार्थना आटोपली की तिचा फोन येतो, "पोट कसंय?" मी सांगते, वाढतंय, सगळं शांत आहे. ओडने विचारतो, "दिवस भरले की काय दाखवशील?"

काय दाखवणार... लेकीचे जन्माच्या वेळचे फोटो आहेत की फोनमध्ये.