आबांचा आवाज

नाही, नाही मॅडम, दोष काशिनाथकाकांचा आहे — तुमचा नाही, आबांचा तर नाहीच नाही — आणि बसा ना, खुर्ची हलते पण मोडत नाही. काका कोण? आबांचे चुलतभाऊ, बँकेतून रिटायर झालेले, इथं दिंडोलीत येऊन राहिलेल्या आमच्या समद्या खान्देशी लोकांचे शहाणे. सचिन गावातल्या मिलमध्ये मी सुपरवायझरचा जबडा फोडला, केस झाली, तेव्हा हेच माझ्या कानाला लागले — योगराज, आता कोर्टात मानसशास्त्र चालतं, बाप मारायचा म्हणून सांग, घरात लहानपणापासून नुसती आरडाओरड म्हणून सांग, पोरगं का बिघडलं त्याचं कारण मिळालं की जज नरम पडतो. मोठी माणसं! यांचं स्वतःचं पोरगं दर शनिवारी दमणला जाऊन पिऊन लोळून येतं, त्याचं मानसशास्त्र नाही काढलं कधी.

मग कोर्टाकडून तुम्ही आलात, प्रोबेशनच्या मॅडम, एवढ्या मायेनं विचारलंत — घरात कुणी ओरडतं का? मी म्हटलं, हो, वडील. खोटं कुठं होतं त्यात? आबांचा जन्म गेला लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात — तुम्ही गेलाय कधी आत? शेजारच्याकडं पाणी मागायचं तर गळा फाडावा लागतो. तिथंच कान गेले त्यांचे. 'योगराज, जेवी ले रे!' — जेवून घे म्हणतात हो, बाकी काही नाही, पण गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसतं. लाडही ओरडूनच. कॉलेज सोडलं तेव्हाही ओरडले, नको शिकू, पण उपाशी फिरू नको. हात? हात कधी उगारला नाही. ते तुम्ही विचारलंत आणि मी मान हलवली. एवढंच केलं मी — मान हलवली.

आणि तुम्हाला त्यांचंही म्हणणं घ्यायचं होतं, नियम असेल तसा. त्यांना ऐकू येईना म्हणून तुम्ही ऑफिसात मोठ्यानं वाचलंत — 'वडील मारहाण करत' — बाहेरच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. आबांनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते 'हो' म्हणाले. हळूच. एवढं हळू त्यांना बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

खरं कारण? आता विचारताय? पेन ठेवा खाली. माझा डबा घरी राहिला होता. आबा सायकल हाणत सचिनपर्यंत आले आणि गेटवरूनच हाक मारली — 'योगराज, डबा राही गया रे!' — समदे हसले. त्या सुपरवायझरनं कानामागं हात धरून नक्कल सुरू केली, पुन्हा पुन्हा, त्यांच्या तोंडासमोर. आबांना कुठं ऐकू येतंय — त्यांना वाटलं, साहेब आपल्याशी गमतीनं बोलतोय. तेही हसले. हात जोडून हसले, मॅडम. तेव्हा मी पाना उचलला. तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते तुम्ही बघा.

कोर्टात का नाही सांगितलं? काय सांगू, आबांच्या देखत? की आबा, तो तुम्हालाच हसत होता, आणि तुम्हीही हसलात? त्यापेक्षा मारकुटा बाप बरा — असं वाटलं होतं मला. काकांचीच अक्कल ती, पण डोकं तर माझंच होतं ना.

काय? घर आता किती शांत वाटतं? हो, शांतच आहे. लिहा, सुधारणा आहे म्हणून. आबा पडद्यामागं आहेत, जागेच आहेत. जेवायची वेळ झाली की आई येऊन माझ्या खांद्याला हात लावते. आणि काका येतात, बशीत चहा ओतून पितात, वर म्हणतात — बघ, सुटलास की नाही माझ्यामुळं?

अहो, पडदा नका सरकवू. त्यांना काही विचारायचं नाही. नाही म्हटलं ना — उठा आता. पुढच्या वेळी मीच येईन ऑफिसात. चपला तुमच्या दाराशी आहेत.

मी सुटलो. आबा मला हाक मारत नाहीत.