डोलणं रोखणारा हिच

नेदरलँड्समधल्या आर्नहेमजवळच्या कॅरावॅनच्या दुकानात मंजूषा रांगेत उभी होती; गाडीमागे ते चाकांवरचं घर जोडायचा साधा हिच तिला घ्यायचा होता. पुढचं जोडपं मराठीत बोलत होतं, इथं कुणाला कळणार आहे अशा समजुतीनं.

"साधा हिच घेऊ, जयंती. परवा कॅरावॅन विकूनच टाकायची आहे."

"साधा नको. वजन नीट वाटून देणारा, डोलणं रोखणारा असतो ना, तो घे."

"विकायच्या कॅरावॅनला?"

"मागच्या उन्हाळ्यातही तू साधाच पुरे म्हणाला होतास."

"त्या दिवशी वारा फार होता गं. मागून कॅरावॅन डोलायला लागली आणि गाडी आवरलीच नाही मला."

"माहितीये. मीही म्हटलं होतं, हिचचं पुढच्या वर्षी बघू."

तो फळ्यांवरचे हिच बघू लागला.

"कॅरावॅन घेणाऱ्यांना मुलं आहेत का, यशोधन?"

"दोन आहेत. धाकटी आपल्या जुईएवढीच."

"म्हणजे सहाची?"

"हो."

"जुई आता सातची झाली असती."

यशोधननं वरच्या फळीवरच्या हिचकडे बोट दाखवलं. दुकानदारानं तो काढून बांधून दिला. दोघं निघून गेली.

मंजूषाचा नंबर आला. काय हवंय, हे दुकानदाराला दोनदा विचारावं लागलं.

"त्यांनी नेला तसाच द्या," ती म्हणाली.