तळाचं गार पाणी

(जेजू बेट. बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायकांची शेकोटी, भोवती काळ्या दगडांची कमरभर भिंत. दुपार.)

मालसुन : ओठ जांभळे पडलेत, आणि म्हणे इथंच बरी आहे! ऊठ, शेकोटीपाशी ये.

हेसुक : नको मावशी. भिंतीला टेकते. दगड गार आहे.

मालसुन : गार आहे म्हणूनच म्हणते ना! आत्ता केसाला धरून वर आणलंय तुला. माझ्यासारख्या म्हातारीचा श्वास अजून ठिकाणावर नाही, आणि ही बघा, दगडाला गाल लावून बसलीय.

दकजा : मी काठावर जाळी झटकत होते. एकेकीची शीळ येत होती. वर आलं की छातीतला वारा शीळ घालून सुटतो, त्यावरून डोळे मिटून सांगते मी कोण कुठं आहे ते. सगळ्यांच्या आल्या, हिची येईना. म्हटलं, गेली ही. आईच्या वाटेनं गेली.

मालसुन : दकजा, जीभ आवर. आज ताईचं श्राद्धाचं पान मांडायचंय घरात.

दकजा : आजचा दिवस म्हणूनच बोलते. हिची आई, बोकनामही त्याच खडकाशी गेली. वयही हेच, हिच्याएवढंच. खालची हाव वाईट गं. एक शिंपला, अजून एक शिंपला, आणि श्वास कधी सरला ते कळत नाही. लेकीनं तरी शहाणं व्हावं.

हेसुक : दकजाकाकू, माझी जाळी उलटी करा.

दकजा : कशाला?

हेसुक : करा तर खरी.

दकजा : ही केली. हा शंख. हा शंख. हे तर नुसतं कवच, आत कुणी नाही. जोनबोक शिंपला कुठाय? एवढा वेळ खाली होतीस, आणि एक मोठा शिंपला नाही? निसटला वाटतं हातातून.

हेसुक : आईच्या जाळीतही नव्हता. हातातून निसटलाच असेल, असंच म्हणाल्या होतात ना तुम्ही सगळ्या?

मालसुन : हेसुक. इकडं बघ. तळाशी काय करत होतीस?

हेसुक : काही नाही.

मालसुन : काही नाही म्हणजे?

हेसुक : बसले होते.

दकजा : बसले होते! जशी काय चटई अंथरून ठेवली होती तिथं कुणी.

मालसुन : रबरी पोशाखातलं माणूस तळाला बसत नाही, बुचासारखं वर येतं. कमरेचा पट्टा सोड. दे इकडं... अगं आई! केवढं शिसं भरलंयस यात?

हेसुक : जाडी झालेय मी. पोट सुटलंय. जुन्या वजनानं खाली जाववत नाही.

मालसुन : सुटल्या पोटाला एखादा ठोकळा जास्त लागतो. एवढ्यानं तर गाढव बुडेल. हा पट्टा मी तुला बांधायला शिकवलाय, मला नको सांगूस. खरं काय ते बोल.

हेसुक : काय बोलू? लाज वाटते.

मालसुन : तुला न्हाऊमाखू घातलंय मी. माझ्यापुढं कसली लाज?

हेसुक : दकजाकाकू आहेत.

दकजा : मी बहिरी झाले समज. बोल.

हेसुक : मागच्या हिवाळ्यात, संत्र्यांची तोडणी चालली होती तेव्हा, पाळी गेली. आधी मागंपुढं होत होती, मग थांबलीच. म्हटलं, सुटले एकदाची. आणि मग हे सुरू झालं. इथून, छातीच्या खालून, चुलीतला जाळ वर चढावा तसं काहीतरी चढतं. मान, कान, केसांची मुळं. घामानं अंथरूण भिजतं, मग हुडहुडी भरते. छातीत पाखरू कोंडल्यासारखं फडफडतं. नवऱ्यानं नुसता हात लावला तरी ओरडावंसं वाटतं. परवा त्याच्यावर भाताचा डाव फेकला मी, मावशी. का, ते मलाही ठाऊक नाही. बिचारा डाव उचलून धुऊन ठेवून गेला.

दकजा : माझा असता तर परत फेकला असता.

मालसुन : तू बहिरी आहेस ना?

दकजा : आहे, आहे.

मालसुन : मग नागदवण्याचा काढा का नाही मागितलास माझ्याकडं? माझी गेली तेव्हा मला काही झालं नाही, थोडी झोप उडाली एवढंच. तरी काढा दिला असता मी.

हेसुक : प्यायले. सोलहून लेक फोनवर सांगते, आई, टोफू खा, मासोळ्या काट्यासकट खा, उन्हात चाल. तेही करते. डॉक्टरणीकडंही जाऊन आले.

मालसुन : काय म्हणाली?

हेसुक : हाडं विरळ झालीत म्हणाली. वजन उचलून चालायला सांगितलं, रक्तदाब बघितला, छातीची तपासणी करून घे म्हणाली, मग गोळ्या द्यायच्या की नाही ते ठरवू. चांगली होती. म्हणाली, हा आजार नाही, पण सोसायलाच हवं असंही नाही. मग विचारलं, काम काय करता?

मालसुन : मग?

हेसुक : संत्री भरते म्हणून सांगितलं.

मालसुन : खोटं का बोललीस?

हेसुक : खरं सांगितलं असतं तर पाण्यात जाऊ नका म्हणाली असती. परत गेलेच नाही मी. मावशी, पाणी तोडलंत तर मी जाऊ कुठं? घरात भिंती तापतात. शेकोटीपाशी बसवत नाही. तुम्ही सगळ्या वरच्या पाटावर, मानाच्या जागी, आणि मी दाराशी कुत्र्यासारखी. हा जाळ विझतो तो एकाच जागी. खडकाच्या पलीकडं ती अरुंद कपार आहे ना, जिथं जमिनीतून झरा येतो?

मालसुन : गोड्या पाण्याचा?

हेसुक : हो. बर्फासारखा. तिथं बसलं, मान मागं टेकली, की सगळं विझतं. पाखरू बसतं. कुणी हाक मारत नाही, कुणावर ओरडावंसं वाटत नाही. श्वास सरतोय हे कळत असतं. पण वाटतं, अजून जरासं. जराच. मरायचं नव्हतं गं मला. फक्त वर यायचं नव्हतं.

मालसुन : त्या कपारीत...

दकजा : त्या कपारीत कोण जातं? गोड्या पाण्यात जोनबोक धरत नाही. सगळे शिंपले अलीकडच्या अंगाला.

मालसुन : दकजा.

दकजा : काय?

मालसुन : ताई मला पलीकडं सापडली होती.

दकजा : प्रवाहानं नेली असेल. तेव्हाच म्हणालो होतो आपण.

मालसुन : आणि शिंपले उचकटायची पट्टी? मनगटाला दोरी नव्हती अडकवलेली. पट्टी कमरेला खोचलेली होती, नीट. शिंपल्यामागं लागलेली बाई पट्टी कमरेला ठेवते का?

दकजा : वर येताना खोचली असेल... असंही आपणच म्हणालो होतो.

हेसुक : काय बोलताय तुम्ही दोघी?

मालसुन : थांब बाळ. मला आठवू दे. त्या वर्षी थंडीत ताई दार उघडं टाकून झोपायची. बर्फ आत यायचं. मी ओरडायचे, पोरीला थंडी लावशील म्हणून. तुला माझ्या अंथरुणात घेतलं होतं मी, आठवतं?

हेसुक : आठवतं. मला वाटायचं, आईला मी नकोशी झालेय.

दकजा : शेकोटीपाशी बसायची नाही ती. तिथंच, त्या दगडाशी, हेसुक बसलीय ना, तिथंच बसायची. आम्ही म्हणायचो, बोकनामला गर्व चढलाय, आपल्यात बसायला नको.

मालसुन : आणि ते गाणं. होडी वल्हवताना आपण जुनीच गाणी म्हणायचो, ती मध्येच स्वतःचं काहीतरी जोडायची. दकजा, तू हसायचीस.

दकजा : मला नको म्हणायला लावूस.

मालसुन :
दर्याच्या पोटामधी
गार पाण्याचं अंथरूण
घडीभर टेकू दे गं
येते मी मग परतून

हेसुक : हे आईचं?

मालसुन : आईचंच. मला वाटलं, दमल्या बाईचं गाणं आहे. कोण नसतं दमलेलं? मी तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होते, पोरी. माझ्या अंगातून महिन्याच्या महिन्याला जात होतं. जाळ म्हणजे काय ते मला कुठून कळणार? आणि पुढं माझी गेली, तेव्हा जाळ आलाच नाही. आला असता तर कळलं असतं. तेव्हा तरी कळलं असतं.

दकजा : मालसुन, मी तिची तिरडी उचलताना पोरींना ओळीनं उभं केलं होतं. म्हटलं, डोळे भरून बघा, हावेनं काय होतं ते. दरसाल सांगते. या साली नव्या आलेल्या दोघींनाही सांगितलं. बोकनामसारखं करू नका.

हेसुक : मला माहीत आहे. शाळेतून येताना कानावर यायचं, ती बघ, हावरीची पोर. म्हणून तर एका बुडीत एकच शिंपला काढते मी. शेजारी दुसरा दिसला तरी सोडून वर येते. तुम्ही मला हसता, दकजाकाकू, हिचे हात आखूड आहेत म्हणून. हात आखूड नाहीत माझे.

दकजा : बाई गं.

हेसुक : मी आईवर रागावले होते. आजवर. तिच्या पानापुढं वाकताना कपाळ जमिनीला लागायचं आणि मनात यायचं, एका शिंपल्यापेक्षा मी स्वस्त होते का तुला? आज खाली बसले होते ना, तेव्हा एकदा वाटलं, शेजारी कुणीतरी आहे. मान मागं टेकून. मी म्हटलं, भास होतोय.

मालसुन : इकडं ये. नको, तू नको येऊस. मीच येते दगडाशी. सरक. हं. खरंच गार आहे गं.

हेसुक : तुझे गुडघे दुखतील.

मालसुन : दुखू देत. तो पट्टा दे. हे शिसं मी काढून घेतेय. हा ठोकळा. हाही. रडू नकोस, ऐक. कपारीकडं जायचं नाही. वरच्या पाण्यात, म्हाताऱ्यांबरोबर बुडायचं, माझ्या हाताच्या अंतरावर. तुझी शीळ आली नाही तर मी माझी बुडी मारणार नाही. म्हणजे तुझ्यामुळं माझाही हंगाम बुडेल, ते ध्यानात ठेव.

हेसुक : उथळातलं पाणी कोमट असतं, मावशी.

मालसुन : असतं. जाळ पुरा विझणार नाही. ठाऊक आहे मला.

हेसुक : मग?

मालसुन : मग काठावर त्याच झऱ्याचं पाणी दगडातून फुटतं, तिथं घागर लावू. बुडीतून आलीस की डोक्यावर ओतीन मी. सकाळी, दुपारी, म्हणशील तेव्हा. आणि डॉक्टरणीकडं मी येते तुझ्याबरोबर. मी सांगीन काय काम करते ते. पाण्यात जाऊ नको म्हणाली तर तिथंच भांडू दोघी.

दकजा : तिघी. भांडण मला जमतं.

हेसुक : आणि ती म्हणाली तेच बरोबर असेल तर?

मालसुन : तर काठावर बसून माझी शीळ मोजशील. कुणीतरी मोजायला हवंच की. ताईची कुणी मोजत नव्हतं.

दकजा : हेसुक, तुझी जाळी धर. हे घे.

हेसुक : हा तर तुमचा जोनबोक. आजचा सगळ्यात मोठा. नको काकू.

दकजा : तुला कोण देतंय? बोकनामच्या पानाला आहे. मालसुन, तू तिच्या पानाला जोनबोक कधी ठेवलास?

मालसुन : कधीच नाही. ज्याच्यापायी गेली ते तिच्यापुढं कसं ठेवू, असं वाटायचं. मासा ठेवते, मुळा ठेवते, भात. इतरांच्या पानाला जोनबोक असतो, तिचंच पान रिकामं दिसतं.

दकजा : आज ठेव. आणि मी येऊ का? कुणी बोलावलेलं नाही मला, माहीत आहे.

हेसुक : या, काकू.

दकजा : नव्या दोन पोरींनाही आणते. त्यांना सांगायचंय मला.

मालसुन : काय सांगणार?

दकजा : ते चालता चालता ठरवते. एवढी वर्षं एकच वाक्य पाठ होतं, दुसरं जुळवायला वेळ लागेल.

हेसुक : मावशी, चल, ऊठ. रस्सा करायचाय अजून. आईला आवडायचा तसा करू, समुद्रशेवाळ घालून. वाफाळता.

मालसुन : कर. पण लगेच नको वाढूस.

हेसुक : का?

मालसुन : निवू दे जरा. मगच ठेव तिच्यापुढं.