मधल्या भिंतीचं भगदाड

माझं माहेर कवठे महांकाळकडचं, लय कोरडं, तिथं घराच्या भिंतीला ओल दिसली आसती तर बायांनी हळदीकुकू वाह्यलं आसतं, आन मला दिलं कुठं तर शिराळ्याकडं, जिथं पावसाळ्यात लुगडं चुलीवर वाळवावं लागतं. काय सांगू तुमाला, सासरचं घर जुनं, काळ्या दगडाचं, वाटणीत मधोमध तोडल्यालं. अलीकडं आमी, पलीकडं माझं धाकटं दीर वसंत आन जाऊ. मधली भिंत दोघांची.

आमचं मालक फौजेतनं रिटायर झाल्यालं, पर आवाज अजून परेडचा, मला चा सुदिक हुकूम सोडून मागायचं. ऊस हाय म्हून खताची पोती, बाहीर ठिवली तर चोरी हुत्यात म्हून मधल्या भिंतीला टेकवून थप्पी लावायचं. त्याच भिंतीला थप्पीच्या मागं ओल धरली. भिंतीवर मिठावानी पांढरं फूल यायचं, झाडलं की पुन्ना यायचं. मालकांनी ठरवूनच टाकलं, वश्यानं पलीकडनं मोरी काढलीया, माझं घर पाडायचा डाव हाय त्येचा. भावजी म्हनलं, दादा, मोरी परसात हाय, हिकडं देव्हारा हाय, येऊन बघ की. पर बघायला जाईल तर त्यो मानूस कसला!

नागपंचमीला आमच्यात विळीला हात लावत न्हाईत, तवा चढवत न्हाईत, भुई उकरत न्हाईत. जावंनं पुरन भरून उकडल्याली दिंडं आनून दिल्ती, मी ताट करत व्हते, आन ह्येंची नजर डागावर गेली. म्हनलं, आज उघडं पाडतो त्येला. मी म्हनलं, आवं आजच्या दिवशी नगं. मला ढकललं, पोती वडली आन पहार घातली भिंतीत. दगूड निखळत गेलं, पलीकडं देव धडाधड खाली पडलं, जाऊ वरडली. भावजी दारातनं पळत आलं, पहार धरली, तर ह्येंनी हिसकून त्येंच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्यालं मी कानानं ऐकलं. खाली पडल्यावर बी परत घातली, सख्ख्या भावाला! तवा मी मालकांच्या मनगटाला चावले, तोंडात रगत आलं तवा सोडलं, तवा कुठं पहार सुटली.

आन भगदाडातनं माती गळत व्हती, भावजींच्या रगतावर पडत व्हती. पिठावानी कोरडी. पलीकडं देव्हाऱ्याचा दिवा जळत व्हता. मोरी न्हाई, काय न्हाई.

खालचं पोतं फाटल्यालं. खत भिंतीत मुरल्यालं. उघडं खत पावसाळी हवेत पानी वढतं, हे आमच्या शेंबड्या पोराला ठावं आसतं, आन ह्या ऊसवाल्याला ठावं नसावं? आजून आठवलं की माझं डोस्कं फिरतं.

दवाखान्यात भावजींनीच सांगितलं, माळ्यावरनं पडलो. उजवा हात गेला तो गेलाच. भगदाड तसंच हाय. मालक बुजवायला गेलं तर भावजी म्हनलं, दादा, आसू दे, रोज बघत जा. जावंनं पडदा लावलाय. सकाळी पलीकडनं आवाज येतो, आगं, बटन लाव गं. तेवढं ऐकलं की मालक रानात पळत्यात.

औंदा पंचमीला पडदा सरकला, जावंचा हात आला, हातात दिंडांची ताटली. म्हनली, वैनी, तुमाला एकटीला हायती, त्येंना देऊ नगा. न्हाई दिली. त्येंच्या म्होरं बसून सगळी खाल्ली, त्येंनी मान खाली घातली ती वर केली न्हाई. देवाला एवढंच म्हनते बाबा, पलीकडचा दिवा सुखात ठिव, हिकडचं मी बघून घीन.