बाबांच्या बुटांचा तळ

नाही हो काका, फाटलेले नाहीत, तळ चांगला आहे, मलाही दिसतंय — तरी तो बदलूनच हवाय. एकाला जाड लावा, एकाला पातळ, टाचेत हवं तर चिंध्या कोंबा, पण असं करा की चालणारा माणूस वाटताच कामा नये. हसू नका. बूट माझ्या बाबांचे आहेत, संध्याकाळच्या गाडीनं नेऊन द्यायचेत. सीमेलगत राहतात, एकटेच. अख्खं गाव उठून गेलं, हे जागचे हलत नाहीत. का? तर मधमाश्यांच्या पेट्या आहेत पलीकडच्या उतारावर. रोज सकाळी चालत जातात — आणि मधल्या पट्ट्यात आम्ही डब्या पुरल्यात. आम्ही कसलं, मीच. सगळी आखणी माझी. वाटीएवढी डबी, वायर नाही, पहारेकरी नाही. पावलानं जमीन हादरली की एक जागी होते, शेजारणीला उठवते, ती पुढचीला — कशा कुजबुजतात बघा, असं मीच सांगत सुटायचे, कौतुकानं! शेळी कोणती, माणूस कोणता, बरोब्बर सांगतात. पूर्वी निदान पडद्यासमोर एक जण असायचा, गोळी झाडायची की नाही ते तो बघून ठरवायचा. आता तो मधला माणूस काढलाय. वेळ खातो म्हणे. उद्यापासून डब्या थेट मनोऱ्यावरच्या बंदुकीला सांगणार.

सांगितलं की! साहेबांना म्हटलं, एक वाट तेवढी सोडा. म्हणाले, सोडली तर घुसणारे सगळे त्याच वाटेनं येतील. खरंच आहे, त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते. मग बाबांच्या हातापाया पडले. बूट लपवले तर अनवाणी जातील, असे हट्टी! वर हसतात — ‘तुझ्याच डब्या ना गं? मग मला ओळखतील की.’ कारण पहिली चाल नोंदवली ती त्यांचीच, अंगणात. डबीला शिकवायला माणूस हवा होता ना — काय हौसेनं चालले होते, पुन्हा चालू का, पुन्हा चालू का! ओळखतील हो. माणूस म्हणून ओळखतील, तेवढं पुरे आहे बंदुकीला.

काय म्हणालात? तळ बदलून चाल बदलत नाही? माहीत आहे मला! बूट घाला, चपला घाला, लंगडत जा — डब्या फसत नाहीत. त्याचंच तर बक्षीस मिळालं मला.

द्या ते बूट इकडे, आहेत तसेच. नको, पिशवी नको. तुमचं चालू द्या.